रांगेतल्या बाईचा फोटो आणि योजनेबद्दलचं आपलं मत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी योजनांच्या बातम्यांसोबत जे फोटो छापून येतात त्याबद्दल हे पत्र आहे. फक्त तुमच्या पेपरचं नाही, सगळ्याच मराठी पेपरांचं आणि त्यांच्या वेबसाइटचं हे असंच चाललंय, पण आमच्या घरी तुमचा पेपर येतो म्हणून तुम्हालाच लिहितेय. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती, आयुष्मान कार्ड, सगळे फॉर्म आमच्याकडे भरले जातात, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पण भरले, त्यामुळे योजना जीआरमध्ये कशी असते आणि माणसापर्यंत पोचेपर्यंत तिचं काय झालेलं असतं हे रोज समोर दिसतं. आणि मग पेपरात त्याच योजनेचा फोटो बघते तेव्हा वाटतं हे तर भलतंच काहीतरी दाखवलंय.

माझं म्हणणं एकच आहे. रांगेचा फोटो छापला की वाचणाऱ्याला तो योजनेचा फोटो वाटतो, त्यातल्या बाईचा हावरटपणा वाटतो, पण ती रांग बाईने लावलेली नसते. ती कुठल्यातरी ऑफिसने, कुठल्यातरी नियमाने, बंद पडलेल्या सर्व्हरने लावलेली असते आणि ते ऑफिस, तो नियम फोटोत कधीच येत नाही.

ऑगस्ट २०२४ आठवा. लाडकी बहीणचे जुलै आणि ऑगस्ट असे दोन हप्ते मिळून ३००० रुपये राखीपौर्णिमेच्या आधी खात्यात आले आणि लगेच राज्यभरातून बँकांपुढच्या गर्दीचे फोटो यायला लागले. गेटला लटकलेल्या बाया, कडेवर पोरं, वॉचमन हात आडवा करून उभा. हेडिंग काय तर बँकांत झुंबड, बहिणींची उडाली तारांबळ. शहरात बसून हा फोटो बघणाऱ्या माणसाला काय वाटणार, की पैसे आले नाहीत तोच काढायला धावल्या. आता त्या गर्दीत मला माहीत असलेल्या कितीतरी बाया होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जणी पैसे काढायला गेल्याच नव्हत्या. त्या विचारायला गेल्या होत्या की माझे पैसे कुठे गेले.

हे कसं होतं ते सांगते कारण पेपरात हे कुठेच नीट आलं नाही. फॉर्ममध्ये तुम्ही कुठला का खाते नंबर लिहा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट जमा होणारे पैसे त्याच खात्यात जातात जे आधारला शेवटचं जोडलेलं असतं. आता खेड्यातल्या बाईची खाती किती असतात बघा. एक जनधनचं, एक जिल्हा बँकेचं, एक बचत गटासाठी उघडलेलं, एक गॅस सबसिडीच्या वेळी कुणीतरी शिबिरात उघडून दिलेलं. आमच्या केंद्रावर एक मावशी कॅरीबॅगमध्ये सगळी पासबुकं घालून आल्या होत्या. फॉर्ममध्ये जिल्हा बँकेचा नंबर दिलेला, कारण पिकाचे पैसे तिथेच येतात, ते खातं त्यांना ओळखीचं. पण आधार जोडलेलं होतं माहेरच्या गावाजवळच्या बँकेतल्या खात्याला, लग्नानंतर तिथे व्यवहारच नाही, मोबाइल नंबर बंद पडलेला, मेसेज येणार कुठून. जिल्हा बँकेत रांग लावली तर उत्तर मिळालं आले नाहीत. दुसऱ्या बँकेत गेल्या, तिथेही नाहीत. मी स्टेटस चेक केलं तेव्हा कळलं पैसे कुठल्या बँकेत जाऊन पडलेत. तोपर्यंत त्या बाईने मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून उन्हात रांगा लावल्या होत्या आणि त्यातल्याच एखाद्या रांगेचा फोटो कुणीतरी काढला असणार. ज्यांना पैसे कुठे आलेत ते सापडलं त्यातल्या काहींना पासबुकवर कळलं की मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून बँकेने आधी आपले पैसे कापून घेतलेत, शेवटी सरकारला बँकांना सांगावं लागलं की कापू नका. हे सगळं त्या एका फोटोच्या आत होतं, पण दिसलं काय तर झुंबड.

जुलैमधलं पण तेच. १ जुलैला फॉर्म सुरू आणि शेवटची तारीख १५ जुलै, त्यात सुरुवातीला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला सगळं मागितलेलं. अख्ख्या तालुक्याच्या बायांना पंधरवड्यात दाखले काढायला लावल्यावर तहसीलसमोर गर्दी होणार नाही तर काय होणार. नंतर सरकारनेच मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, पिवळं केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको म्हणाले, आणि गर्दी आपोआप ओसरली. म्हणजे कारण काय होतं ते उघड आहे. पण गर्दीचे फोटो पहिल्या पानावर आले, ओसरलेली गर्दी कुणी छापली नाही आणि लोकांच्या डोक्यात ती पहिलीच राहिली.

राहते म्हणजे कशी ते पण सांगते. तो फोटो नुसता पेपरात राहत नाही, त्याचा स्क्रीनशॉट निघतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतो आणि त्याखाली लोक लिहितात, फुकट्यांची फौज, आमच्या टॅक्सवर मजा, आता कापूस वेचायला बाया कशाला येतील. आमच्या गावातले शेतकरी पण लिहितात, ज्यांच्या घरातली बाई त्याच रांगेत होती ते पण लिहितात. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत ही ओरड मी ही योजना यायच्या कितीतरी आधीपासून ऐकतेय, तिची कारणं वेगळी आहेत, मजुरीची आहेत, पण आता त्या तक्रारीला एक चेहरा मिळालाय आणि तो चेहरा फोटोतल्या बाईचा आहे.

यापेक्षा जास्त राग मला ज्याचा येतो ते म्हणजे संग्रहित छायाचित्र. २०२५ मध्ये बातमी आली की या योजनेचे पैसे १४ हजारांवर पुरुषांनी उचलले. त्याआधी सरकारी नोकरीतल्या दोन हजारांवर बायकांनी लाभ घेतल्याचं मंत्र्यांनीच सांगितलं होतं. बातम्या महत्त्वाच्या होत्या, छापायलाच पाहिजे होत्या. पण त्या बातम्यांसोबत मी जे फोटो बघितले त्यात पुरुष कुठेच नव्हते आणि सरकारी नोकरदार बाई पण नव्हती. होत्या त्या डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, हातात पासबुक, बँकेच्या पायरीवर बसलेल्या. हेडिंगमध्ये घोटाळा, बोगस लाभार्थी आणि खाली ह्या बाया. कोपऱ्यात बारीक अक्षरात संग्रहित लिहिलं की तुमचं काम झालं पण त्या बाईचं काय. ती कुणाची तरी आजी आहे, तिला गावात सगळे ओळखतात, तिचा फोटो कधीतरी वर्षभरापूर्वी काढलेला आणि आज तो चोरीच्या बातमीला चिकटवलाय. तिला कुणी विचारलं नाही आणि ती तुमच्या ऑफिसला फोन करून जाब पण विचारणार नाही, हे पेपरचं पान लावणाऱ्या डेस्कवरच्या माणसाला माहीत असतं म्हणूनच तो फोटो वापरला जातो असं मी स्पष्ट म्हणते. एखाद्या डॉक्टरचा किंवा वकिलाचा असा फोटो फसवणुकीच्या बातमीला लावून बघा, दुसऱ्या दिवशी नोटीस येईल.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत मार्टिन गिलेन्स नावाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने १९८८ ते १९९२ या काळातली तीन मोठी साप्ताहिकं तपासली, गरिबीच्या बातम्यांमधल्या फोटोत कोण दिसतं ते एकेक करून मोजलं. फोटोतल्या गरिबांमध्ये ६२ टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि देशातल्या प्रत्यक्ष गरिबांमध्ये ते होते २९ टक्के. लोकांना विचारलं की गरिबांपैकी किती कृष्णवर्णीय असतील तर त्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास जायचा, म्हणजे आकडेवारीपेक्षा फोटोच डोक्यात बसलेला. त्यातही ज्या गरिबांबद्दल लोकांना सहानुभूती वाटते, म्हणजे म्हातारी माणसं, काम करूनही गरीब असलेली माणसं, ती फोटोत फार कमी. पुढे ऑगस्ट १९९६ मध्ये गरीब आयांना मिळणारी रोख मदत आखडणाऱ्या कायद्यावर सही करा असं सांगणारा अंक द न्यू रिपब्लिक या साप्ताहिकाने काढला, त्याच्या कव्हरवर काय होतं तर मांडीवर बाळ आणि हातात सिगरेट असलेली एक कृष्णवर्णीय तरुणी. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली आणि १९३५ पासून चालत आलेली मदतीची हमी गेली. एका फोटोमुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही, पण त्या कायद्याला लोकांची मान डोलावी म्हणून कुठला फोटो निवडला गेला ते बघा. आपल्याकडे रंगाच्या जागी पदर आहे, खेडं आहे, कधी कधी जात पण आहे.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना नवीन पद्धतीत आयकर शून्य झाला. सरकारच्याच सांगण्याप्रमाणे त्यात एक लाख कोटींच्या आसपास महसूल सोडून दिला. त्याच वर्षीच्या राज्याच्या बजेटमध्ये लाडकी बहीणला ३६ हजार कोटी होते. एक देशाचा आकडा, एक राज्याचा, मला माहितीये, सरळ तुलना होत नाही. पण फोटोंची तुलना तर होते ना. करसवलतीच्या बातमीला फोटो काय होता, लाल कापडातला टॅबलेट धरून उभ्या असलेल्या अर्थमंत्री, नाहीतर नोटांचं चित्र, नाहीतर हसणारं एक चौकोनी कुटुंब. ज्यांचे पैसे वाचले त्यांची रांग कुणी दाखवली नाही कारण रांगच नव्हती, त्यांना काही सिद्ध करायला कुठे उभं राहावंच लागलं नाही, पगारातून कमी कापले गेले, विषय संपला. मला त्या सवलतीबद्दल तक्रार नाही, माझा भाऊ पण त्यात बसतो. पण सरकारकडून मिळालेल्या एका पैशाला लोक हक्क म्हणतात आणि दुसऱ्याला भीक म्हणतात, यात दिसण्या न दिसण्याचा मोठा वाटा आहे. ज्याला रांगेत उभं केलं जातं तोच फुकटा दिसतो.

जुन्या लोकांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. मुंबई दूरदर्शन त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं, म्हणजे मराठवाड्यात किंवा नगर सोलापूरकडे काय चाललंय हे शहरातल्या माणसाला दिसायचं ते मुख्यतः पेपरातूनच. खडी फोडणाऱ्या बाया, मातीकामावरची माणसं, खायला सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. त्याच काळातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, आजही पगारदार माणसाचे महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ते त्याचेच. शहरातल्या माणसाने खेड्यातल्या मजुरासाठी कर द्यायचा हे त्या वेळी लोकांनी मान्य केलं. तेव्हाचे फोटो पण कष्टाचेच होते, पण त्यात बाई काम करताना दिसायची, हात पसरताना नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

गंमत नाही, वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे की रोजगार हमीचा फोटो आजही खडी आणि घमेल्यातच अडकलाय. १९९० पासून याच योजनेतून लहान शेतकऱ्यांना फळबागा लावायला पैसे मिळाले, कोकणात आंबा काजू, आमच्याकडे आणि पश्चिम महाराष्ट्रात डाळिंब, मोसंबी. विहिरी झाल्या. त्या बागांचे फोटो पेपरात येतात, खूप छान येतात, रविवारच्या पुरवणीत, डाळिंब हातात धरलेला शेतकरी आणि शेजारी त्याची बायको. पण तिथे हेडिंग असतं जिद्दीने फुलवली बाग. योजनेचं नाव आलंच तर शेवटच्या ओळीत. म्हणजे योजनेतून चांगलं झालं की श्रेय त्या माणसाच्या जिद्दीला आणि गर्दी झाली, घोटाळा झाला की फोटो योजनेच्या खात्यात. अशाने लोकांना कुठली योजना कधी उपयोगी पडली हे कळणार कसं?

गरीब माणसाने काही घ्यायचं म्हणजे फोटो द्यायचा हे आता सरकारी यंत्रणेतच बसलंय. मनरेगाच्या मजुरांचे २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा फोटो अपलोड करायचा नियम झाला, तीच हजेरी, नेट नसलं आणि फोटो गेला नाही तर मजुरी अडकायची. शिवभोजन थाळी दहा रुपयाला, पण जेवायला येणाऱ्याचा फोटो अॅपवर. सणाला आनंदाचा शिधा दिला जायचा तेव्हा पिशवीवर नेत्यांचे फोटो आणि पिशवी घेतानाचा बाईचा फोटो वेगळा. कार्यक्रमाला दरवाजाएवढा मोठा चेक. आणि मग पेपरवाले येतात ते पण तोच क्षण टिपतात, देणाऱ्याचा हात वर, घेणारीचा खाली. अशा फोटोत बाई कॅमेऱ्याकडे बघत पण नाही बहुतेक वेळा, नीट बघा तुम्ही. पुढे त्या पैशाचं काय झालं, औषधं आली का, पोरीची क्लासची फी भरली का, जुनी शिलाई मशीन घेतली का, त्यासाठी कुणी परत येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायांमध्ये हे सगळं झालेलं मी बघितलंय आणि काही जणींचे पैसे नवऱ्याने काढून घेतलेले पण बघितलंय. ते पण छापा ना, ती पण खरी बातमी आहे.

विचारून फोटो काढण्याबद्दल एक सांगायचंय. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँग यांनी वाटाण्याच्या शेतावरच्या एका मजूर आईचा फोटो काढला, तो जगभर गेला, मंदीच्या काळातल्या सरकारी मदतीचं जणू तोंडच झाला. पेपरात आल्यावर त्या तळावर हजारो किलो अन्न पाठवलं गेलं, पण ती बाई तोवर तिथून पुढे निघून गेली होती. लँग यांनी तिचं नाव पण विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांनी ती सापडली तेव्हा म्हणाली की त्या फोटोतून मला काहीच मिळालं नाही. हा चांगल्या हेतूने काढलेला, चांगलं काम केलेला फोटो, तरीही.

फोटोच नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पोरांना पोळीसोबत नुसतं मीठ वाढलं जात होतं, ते एका स्थानिक पत्रकाराने चित्रित केलं आणि देशभर दिसलं. त्याच्यावरच गुन्हा दाखल केला होता तेव्हा, नंतर पोलिसांना त्याचं नाव वगळावं लागलं. ते चित्र बघून कुणी म्हणालं नाही की पोरं फुकट खातात. सगळ्यांना दिसलं की ताटात काय असायला पाहिजे होतं आणि काय आहे. दोष कुणाचा ते चित्रातच होतं. तसंच लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवायच्या वेळी नंदुरबारच्या डोंगरात नेटवर्क शोधत चढलेल्या बायांचे फोटो आले होते, ते बघून माझ्या शहरातल्या मैत्रिणीने मला फोन केला की अगं हे असं करावं लागतं का. हाच प्रश्न बँकेच्या गर्दीच्या फोटोने तिला कधी पडला नव्हता. म्हणजे फोटोग्राफरने कुठे उभं राहून फोटो काढला आणि डेस्कने खाली काय लिहिलं यावर लोक बाईवर चिडतात की व्यवस्थेवर ते ठरतं.

तालुक्याचे फोटोग्राफर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मी दोष देत नाही. त्यांना फोटोमागे जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोल पण सुटत नाही, त्यात जिल्ह्याच्या ऑफिसमधून फोन येतो की गर्दीचा एक पाठव लगेच. गर्दीचा पाठवला की लागतो, बाकीचे पडून राहतात, मग तो तरी दुसरा कशाला काढेल. हे बदलायचं तर वरूनच बदलावं लागेल, म्हणून तुम्हाला लिहितेय.

रांगेचा फोटो छापताना खाली एक ओळ लिहा की रांग का लागलीय, किती काउंटर आहेत, किती चालू आहेत, लोक किती वाजल्यापासून उभे आहेत. उभ्या असलेल्या दोघीचौघींना विचारलं तर त्या सांगतात, लपवत नाहीत. घोटाळ्याच्या बातमीला ओळखू येईल अशा कुठल्याही लाभार्थी बाईचा जुना फोटो लावू नका, सरळ मंत्रालयाचा लावा, फॉर्मचा लावा, नाहीतर फोटोशिवाय छापा, बातमी तेवढीच वाचली जाईल. यशोगाथेत योजनेचा पैसा लागला असेल तर ते वरच्या चार ओळींत येऊ द्या. आणि हप्ता जमा होतो त्या आठवड्यात एखादा फोटोग्राफर बँकेच्या गेटवर उभा न करता आमच्यासारख्या केंद्रात अर्धा दिवस बसवा, स्क्रीनवर काय एरर येतो, अंगठा का उमटत नाही, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, विधवा बाईला नवऱ्याचं आधार मागितल्यावर ती काय म्हणते, हे त्याला बघू दे. बाया फोटोला नाही म्हणणार नाहीत. फक्त आधी विचारायचं आणि कशासाठी छापणार ते सांगायचं.

पत्र लांबलंय, छापताना कापाल तर संग्रहित फोटोबद्दलचा भाग मात्र ठेवा ही विनंती.

आपली,
एक वाचक आणि सेवा केंद्र चालक, मराठवाडा